ऐकीव निकाल

घरबसल्या पडद्यावर दिसणारा सामना पाहण्यासाठी आठशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करणे हा कोणत्या शास्त्राप्रमाणे शहाणपणा होय, असा प्रश्न आमच्या कुटुंबाने २०२२ च्या मार्च महिन्यात आम्हांस केला होता. त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज ते थोडेबहुत सुचले आहे, म्हणून वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम आमच्या या व्यसनाचे मूळ सांगणे अवश्य आहे. किनवट हे पैनगंगेकाठचे, सागवानी रानाच्या तोंडाशी वसलेले गाव. येथे फुटबॉलचे मोठे सामने व्हावयाचे कोठून? परंतु १९५६ पर्यंत आमचा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. वडिलांचे शिक्षण उर्दूतून झालेले. हैदराबादची वर्तमानपत्रे ते आवडीने वाचीत. त्या काळी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे जिंकला. या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्याच शिकवणीखाली भारतीय संघाने १९५१ व १९६२ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकाविले. संध्याकाळचा परवचा आटोपला की वडील आम्हांस या सामन्यांच्या हकीकती सांगत. पुढे तालुका नांदेड जिल्ह्यात आला, कचेरीची भाषा बदलली. वडिलांचा संघ मात्र बदलला नाही. आश्चर्य हे की, त्यांनी जन्मात एकही मोठा सामना डोळ्यांनी पाहिला नाही. नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांचे सारे ज्ञान शब्दप्रमाणावर उभे होते. प्रत्यक्षाचा त्यास स्पर्श नव्हता.

आमचेही तेच झाले. शाळेत संस्कृत शिकवीत आम्ही साठी गाठली, आणि फुटबॉल वर्तमानपत्रातून वाचीत राहिलो. २०१९ साली हैदराबादच्या नावाचा संघ इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, तेव्हा वडिलांचाच वारसा परत आला असे आम्हांस वाटले. त्यात एक खडा मात्र दाताखाली आला. या संघाचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी हा गोव्याचा. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात तो गोव्याच्या संघाकडून उभा होता. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा दोन विरुद्ध एक असा पुढे. इतक्यात चेंडू परतविण्याच्या नादात कट्टीमणीकडून तो स्वतःच्याच जाळ्यात गेला, आणि पाठोपाठ चेन्नईने तिसरा गोल करून चषक नेला. आम्ही हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले आणि चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच निकाल देऊन टाकिला की, हा मुलगा मोक्याच्या वेळी कामाचा नाही. चार वर्षांनी तोच मुलगा आमच्या संघात आलेला पाहून आम्ही चरफडलो.

२०२२ साली हैदराबादचा संघ अंतिम सामन्यास पोहोचला. सामना पुन्हा फातोर्ड्यासच होता. करोनाच्या साथीमुळे दोन हंगाम रिकाम्या मैदानांत खेळविले गेले होते. या सामन्यास प्रेक्षकांस मुभा मिळाली. दोन दिवस आधी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा नांदेडहून फोन आला. ‘गुरुजी, तिकिटे काढली आहेत. गाडी माझी आहे. तुम्ही फक्त तयार राहा.’ या गृहस्थाचा नांदेडात मोटारदुरुस्तीचा मोठा कारखाना आहे. शाळेत असताना तो गणितात दोनदा बसला होता.

लातूर, सोलापूर, विजापूर, बेळगाव असे करीत चोर्ला घाट उतरून आम्ही मडगावी पोहोचलो. २० मार्च, रविवार. मैदानात शिरताच पहिला धक्का बसला. जिकडे पाहावे तिकडे पिवळे अंगरखे. आम्हांस वाटले, हैदराबादेस एवढे पाठीराखे! विद्यार्थी हसून म्हणाला, ‘गुरुजी, हे सगळे केरळचे.’ दोन्ही संघांचा रंग पिवळाच. त्या दिवशी नियमाने तो हैदराबादच्या वाट्यास आला आणि केरळचे खेळाडू काळ्या वेषात उतरले. त्याच दिवशी या सामन्यासाठी मोटारसायकलीवरून निघालेले केरळचे दोन तरुण कासरगोड जिल्ह्यात अपघातात दगावले होते. कुटुंबाने विचारलेला प्रश्न त्यांच्याही घरी कोणी विचारला असेल काय, हा विचार अद्यापि आमच्या मनातून जात नाही.

दुसरा धक्का गोलाच्या चौकटीचा. ती चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते हे आम्ही मुलांस कितीदा तरी सांगितले होते. परंतु पडद्यावर ती खिडकीएवढी दिसते. येथे ती आमच्या जुन्या घराच्या सोप्याएवढी दिसली, आणि तीत एक माणूस! वर्तमानपत्रातील ‘चूक’ या शब्दात या मोकळ्या जागेचा हिशेब कोठे असतो?

तरीही अडुसष्टाव्या मिनिटास केरळच्या राहुलने गोल केला, तेव्हा आमच्या तोंडून निघून गेलेच, ‘पाहा, म्हटले नव्हते?’ विद्यार्थी काही बोलला नाही. सामना हातचा गेला असे वाटत असता अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटास साहिल तावोरा या गोव्याच्याच मुलाने दुरून फटका मारून बरोबरी केली. जादा वेळातही निकाल लागला नाही. मग पेनल्टीचे फटके आले, म्हणजे बारा यार्डांवर चेंडू, आणि चोवीस फुटांत एकटा कट्टीमणी.

वाचकहो, येथे आमची फजिती सांगणे प्राप्त आहे. एवढे अंतर तोडून जे पाहावयास गेलो, नेमक्या त्या क्षणी आम्ही डोळे मिटून घेतले! केरळचा पहिला फटका कट्टीमणीने अडविला, हे आम्हांस आरोळीवरून कळले. म्हणजे तेथेही ऐकीवच! तेव्हा विद्यार्थ्याने आमच्या हातावर हात ठेविला व हलकेच म्हणाला, ‘गुरुजी, डोळे उघडा. त्याला बघा तरी.’

आम्ही डोळे उघडले. पुढचा एक फटका त्याने अडविला; गोलरक्षक रेषा सोडून पुढे आला म्हणून पंचांनी तो पुन्हा मारावयास लाविला, आणि त्याने तोही अडविला. त्यानंतर आणखी एक. हालीचरण नर्झारीच्या फटक्यासरशी हैदराबादने तीन विरुद्ध एक असा सामना जिंकला. ज्या मैदानावर सहा वर्षांपूर्वी त्याच्या हातून चषक निसटला, त्याच मैदानावर त्याच हातांनी तो परत आणिला. सभोवारची पिवळी गर्दी स्तब्ध होती. आम्ही उभे होतो, आणि खरे सांगतो, मान वर करण्याचे धैर्य आम्हांस होईना.

परतताना घाटात गाडी थांबली असता आम्ही विद्यार्थ्यास म्हणालो, ‘बाबा, तुला आम्ही एकदा सर्वांदेखत म्हणालो होतो की, तुझ्याने काही व्हावयाचे नाही. खरे तर तुझी वही आम्ही कधी उघडूनही पाहिली नव्हती. गणिताचे मास्तर शिक्षकांच्या खोलीत म्हणत, तेच आम्ही वर्गात म्हणालो.’ तो हसला. ‘जाऊ द्या, गुरुजी. गणित मला अजूनही येत नाही. हिशेब बायको बघते.’ त्याने विषय हसण्यावारी नेला. आम्हांस मात्र रात्रभर झोप लागली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत असे किती निकाल आम्ही ऐकीव दिले असतील!

आता कुटुंबाच्या प्रश्नाचे उत्तर. वडिलांनी न पाहिलेल्या संघावर जन्मभर प्रेम केले. ते खोटे नव्हते. प्रेम ऐकीव गोष्टीवर खुशाल जगते. तो हैदराबादचा संघही २०२५ साली दिल्लीस गेला आणि त्याने नाव बदलले, तरी आमच्या मनातील त्याचे स्थान गेले नाही. परंतु माणसाची योग्यता ठरवावयाची असेल तर जाऊन, समोर उभे राहून, डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. तेवढ्यासाठी आठशे किलोमीटर फार नव्हेत.

परवा शाळेच्या मैदानावरील मुलांनी आम्हांस अडविले. नव्या गोलरक्षकाने तीन गोल खाल्ले म्हणून त्याला काढावा की ठेवावा, असा त्यांच्यात वाद होता. ‘गुरुजी, तुम्ही सांगा.’ आम्ही म्हणालो, ‘उद्या पाच वाजता येतो. आधी त्याचा खेळ पाहू द्या.’