रोस्टचे भांडे कोणते घ्यावे?



पावसाळा सरला, भातकापणी आटोपत आली, आणि नाताळाच्या खर्चाचा हिशेब घरोघरी मनातल्या मनात सुरू झाला. अशा वेळी बेळगावकडील एका खेड्यातून एका सुनेचे पत्र आले आहे. तिच्या घरी गेल्या वर्षी ओव्हन आला. त्याच्याबरोबर मिळालेल्या पातळ पत्र्याच्या ट्रेत मांस बरे भाजते. परंतु भाजून झाल्यावर तळाशी राहिलेला रस आटविण्यासाठी तोच ट्रे शेगडीवर ठेवला की त्याचे बूड फुगून वर येते, मध्यभागी मसाला करपतो आणि कडेला तूप तसेच राहते. वर्षभर शिवणकाम करून तिने थोडे पैसे बाजूस टाकले आहेत. त्यांतून शेगडीवरही चालेल आणि ओव्हनमध्येही चालेल असे एकच भांडे तिला घ्यावयाचे आहे. सासूबाई मात्र म्हणतात की घरात भांड्यांना तोटा नाही. आपले जुने बिडाचे भांडे गोठ्यात पडले आहे, ते आधी काढा. सुनेला ते गंजलेले भांडे सणाच्या स्वयंपाकाला नको वाटते. या प्रश्नावरून घरात दोन दिवस थोडा अबोलाही झाला, असे ती प्रांजळपणे कळविते.

प्रश्न एका घरचा असला तरी तो अनेकींचा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

प्रथम हे समजून घेऊ की एकाच भांड्याने दोन्ही कामे करावीत असे का वाटावे. चांगल्या रोस्टचे तीन टप्पे असतात. आधी मांसाचा तुकडा कोरडा पुसून, कडकडीत तापलेल्या भांड्यात सर्व बाजूंनी तांबूस करून घ्यावयाचा. हे काम शेगडीचे. मग मंद, चहूबाजूंच्या उष्णतेत तो आतपर्यंत शिजू द्यावयाचा. हे काम ओव्हनचे. शेवटी मांस बाहेर काढून, तळाशी चिकटलेल्या खरवडीवर थोडे पाणी किंवा व्हिनेगर घालून, लाकडी कालथ्याने ती सोडवून रस आटवावयाचा. हे पुन्हा शेगडीचे. रोस्टची खरी चव त्या खरवडीत असते. भांडे बदलले की ती पहिल्या भांड्यातच राहते आणि घासणीबरोबर मोरीत जाते.

आता ओव्हनची उष्णता आणि शेगडीची उष्णता यांत फरक काय? ओव्हनमध्ये तापलेली हवा भांड्याला सर्व बाजूंनी सारखी वेढते. शेगडीवर ज्वाला बुडाच्या मधल्या वर्तुळालाच लागते. तेवढा भाग तापून प्रसरण पावतो, भोवतालचा थंड भाग त्याला जागा देत नाही, आणि पातळ पत्रा असेल तर तो फुगतो. म्हणून ओव्हनमध्ये वर्षानुवर्षे टिकणारा ट्रे शेगडीवर एका दिवसात वाकडा होतो. यात त्या सुनेच्या हाताचा काही दोष नाही.

या बाबतीत मला स्वतःला जो धडा मिळाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आदल्या रात्री मी काचेच्या भांड्यात अडीच किलो मांस भाजले. भांड्यावर ते ओव्हनमध्ये चालते असे छापलेले होते. जे ओव्हनमध्ये चालते ते शेगडीवर का चालू नये, असा विचार करून मी रस आटविण्यासाठी ते ज्वाळेवर ठेवले. मांस अजून आतच होते. दोन-तीन मिनिटांत मोठा आवाज झाला आणि भांड्याचे तुकडे ओट्यावर पसरले. कोणाला इजा झाली नाही. परंतु मांसात काचेचे बारीक कण गेल्याची शंका आल्यामुळे ते सर्व टाकून द्यावे लागले. दुसऱ्या दिवशी नऊ माणसांच्या पंगतीला अंड्यांची कालवणी होती. तक्रार कोणीच केली नाही, पण पाव मोडताना माझी मान वर होत नव्हती. काच उष्णतेची वाईट वाहक आहे. एक भाग तापतो, शेजारचा थंड राहतो, आणि त्या ओढाताणीत ती फुटते. ओव्हनमधून काढलेल्या तापल्या काचेत थंड पाणी ओतले तरी हाच प्रकार होतो. तेव्हा काचेचे भांडे फक्त ओव्हनसाठी, हा पहिला नियम.

आता धातूंचा विचार करू. उष्णता वाहून नेण्याची शक्ती मोजण्याच्या मापाने तांबे सुमारे ४००, ॲल्युमिनियम सुमारे २३५, बीड ५० च्या आसपास आणि स्टेनलेस स्टील केवळ १५ च्या आसपास भरते. हे चार आकडे ध्यानात ठेवले तर दुकानदाराच्या बोलण्याला भुलण्याचे कारण उरणार नाही.

नुसत्या पातळ स्टीलचे भांडे दिसावयास सुंदर, पण ज्वाळेच्या वर नेमके तेथेच करपते; कारण स्टील उष्णता कडेला नेत नाही. यावर उपाय म्हणून दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर दाबून केलेली तीन थरांची भांडी मिळतात. ॲल्युमिनियम उष्णता पसरविते, स्टील व्हिनेगरला दाद देत नाही, आणि तळाला लोहचुंबक चिकटत असेल तर ते इंडक्शनच्या शेगडीवरही चालते. नवे भांडे घ्यावयाचे आणि हातात पैसा आहे अशा घरी मी हेच सुचवीन.

जाड ॲल्युमिनियमचे भांडे स्वस्त, हलके आणि लवकर तापणारे. तेवढ्याच आकाराच्या व जाडीच्या बिडाच्या भांड्याहून ते वजनाला एकतृतीयांशापेक्षा थोडे अधिक भरते. जाडी तीन-चार मिलिमीटर असेल तर ते वाकत नाही. त्याचे दोष दोन. इंडक्शनवर ते चालत नाही, आणि व्हिनेगर, चिंच, कोकम यांच्याशी त्याचे जुळत नाही. आंबट मसाला लावलेले मांस त्यात रात्रभर ठेवले तर भांडे काळवंडते आणि मांसाला धातूची चव येते. मसाला चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात लावावा आणि भाजण्यापुरतेच मांस ॲल्युमिनियममध्ये घालावे.

कल्हई केलेली पितळी किंवा तांब्याची पातेली कित्येक घरांत आजही आहेत. ती रश्श्यासाठी उत्तम, परंतु रोस्टसाठी नव्हेत. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. कोरडे भांडे ज्वाळेवर तापविले की ही मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते.

न चिकटणाऱ्या काळ्या लेपाच्या भांड्यांविषयीही सावध राहावे. हा लेप सुमारे २६० अंशांपुढे बिघडू लागतो आणि त्यातून निघणारा धूर पक्ष्यांना प्राणघातक ठरतो; स्वयंपाकघरात पोपटाचा पिंजरा टांगणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. शिवाय जे चिकटतच नाही त्याची खरवड कशी मिळणार?

मुलामा दिलेली, म्हणजे लोखंडावर काचेचा थर भाजून बसविलेली भांडी दोन प्रकारची असतात. पातळ पत्र्यावरचा मुलामा ओव्हनपुरता ठीक. शेगडीवर पदार्थ करपतो. बिडावरचा मुलामा मात्र दोन्हीकडे चालतो, आंबटालाही सोसतो. पण भांडे जड आणि महाग. तापल्या भांड्यावर थंड पाणी ओतले किंवा ते फरशीवर आपटले तर त्याचा टवका उडतो.

शेवटी साधे बीड. ते हळूहळू तापते आणि उष्णता हळूहळू सोडते. मोठ्या ज्वाळेवर एकदम ठेवले तर मध्येच चटका बसतो. म्हणून आठ-दहा मिनिटे मंद आचेवर तापवावे. एकदा तापले की मांसाचा थंड तुकडा घातला तरी त्याची आच मोडत नाही, आणि तांबूस रंग असा येतो की दुसऱ्या भांड्यात येणे कठीण. शेगडी, ओव्हन, इंडक्शन, लाकडाची चूल, पाववाल्याची भट्टी, सर्वत्र ते चालते. आमच्या आज्यांकडे ओव्हन कोठे होता? झाकणावर निखारे ठेवून त्या खालून व वरून आच देत. गोव्यात बिबिंकेचे थर अशाच वरच्या निखाऱ्यांवर भाजत. जड बुडाचे, घट्ट झाकणाचे भांडे म्हणजेच त्यांचा ओव्हन होता.

धातूइतकेच महत्त्व मापाला आहे. दुकानात जाण्यापूर्वी ओव्हनची आतील रुंदी, खोली व उंची सुतळीने मोजून घ्यावी. भांडे कान धरून मोजावे, आणि चारी बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जागा हवा खेळण्यास राहिली पाहिजे. दीड-दोन किलोच्या तुकड्यास सुमारे ३० सेंटिमीटर लांब, २३ रुंद आणि ६ ते ८ खोल भांडे पुरते. फार मोठ्या भांड्यात रस पातळ पसरून जळतो. फार खोल भांड्यात मांस भाजण्याऐवजी वाफेवर शिजते. लांबट भांडे एका शेगडीबाहेर जात असेल तर ते दोन शेगड्यांवर आडवे ठेवावे किंवा मधूनमधून सरकवीत राहावे. ज्यांच्याकडे झाकणात तार असलेला लहान गोल विजेचा ओव्हन आहे, त्यांनी गोल भांडेच घ्यावे आणि मांसाचा माथा तारेला लागणार नाही याची उंची आधी पाहावी.

कान धातूचे, रिव्हेटने पक्के बसविलेले आणि फडक्यासह चारही बोटे आत जातील एवढे असावेत. लाकडी व बॅकेलाइटचे दांडे ओव्हनच्या आचेत करपतात, तडकतात. दुकानात भांडे पाण्याने भरून दोन्ही हातांनी उचलून पाहावे. जे भरलेले भांडे आपल्याला उचलवत नाही ते कितीही चांगले असले तरी आपल्यासाठी नव्हे; उकळत्या तुपाने भरलेले भांडे हातातून निसटणे यापेक्षा मोठे संकट स्वयंपाकघरात नाही. ओव्हनमधून भांडे काढले की दोन्ही कानांवर फडके टाकून ठेवावे, म्हणजे शेगडीवर रस आटविताना विसरून कोणी ते उघड्या हाताने धरणार नाही.

मांस आतपर्यंत शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. मांसात खुपसावयाचा तापमापक आता सहज मिळतो. अमेरिकेच्या कृषिखात्याने २०११ साली डुकराच्या अखंड तुकड्यासाठी ६३ अंश सेल्सियस आणि त्यानंतर ३ मिनिटे विसावा एवढे पुरेसे ठरविले. त्यापूर्वीचे माप ७१ अंशांचे होते. गावात पाळलेल्या जनावराच्या मांसासाठी मी जुने ७१ अंशांचेच माप पाळते. कोंबडीला ७४ अंश हवेत.

आता त्या सुनेच्या घराकडे वळू. बाई, नवे भांडे घेण्यापूर्वी सासूबाईंचे ते भांडे गोठ्यातून बाहेर काढा. दोरीला टांगून लाकडाने हलकेच ठोका. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर भांडे अखंड आहे. बद्द आवाज आला तर त्याला चीर आहे, मग त्याचा नाद सोडावा. अखंड असेल तर मीठ व नारळाच्या शेंडीने गंज घासून काढा. गंज फार असल्यास पाणी व व्हिनेगर समभाग घेऊन त्यात अर्धा तास ठेवा, अधिक नको. नाहीतर आंबट पाणी लोखंडही खाऊ लागते. लगेच धुऊन, शेगडीवर पूर्ण कोरडे करा. मग तेलाचे बोट फिरवून, फडक्याने जवळजवळ सर्व तेल पुसून घ्या आणि धूर थांबेपर्यंत तापवा. असे तीन-चार वेळा केले की तेलाचा कठीण काळा थर बसतो. त्यानंतर त्यात व्हिनेगर घालून रस आटवावयास हरकत नाही. मात्र आटला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर आत ठेवू नका.

भांडे चिरलेले निघाले तर तीन थरांचे स्टील घ्या, आणि सासूबाईंना दुकानात बरोबर न्या. भरलेले भांडे उचलून पाहण्याचे काम त्यांच्यावर सोपवा. अखंड निघाले तर शिवणकामाचे पैसे शिल्लक राहतील. त्यांतून तापमापक घ्या, एक जाड फडक्यांची जोडी घ्या, आणि उरलेले आपल्यापाशी ठेवा. ते आपल्या कष्टाचे आहेत. दोन्ही प्रकारे अबोला सुटेल असे वाटते, कारण बिडाला थर कसा बसवितात हे हाताला धरून शिकविणारे माणूस आपल्या घरातच आहे. पहिल्या दिवशी त्यात रोस्ट करू नका. आधी चार कांदे तळा, मग एक कोंबडी भाजा, आणि नाताळाला मांस घाला. तोवर भांडे आणि दोघी, तिघांचेही जमलेले असेल.