विश्लेषण : जुन्या खोक्यांपासून नवा पुठ्ठा, महाड-पोलादपूरला गिरणी हवी की कोरडी शेड?

मिठाईचे किंवा औषधाचे खोके फाडून पाहिले, तर अनेकदा बाहेर पांढरा आणि आत करडा थर दिसतो. हा ‘डुप्लेक्स बोर्ड’. त्यातला करडा भाग प्रामुख्याने जुनी खोकी आणि रद्दी यांच्या लगद्याचा असतो. महाड, पोलादपूरच्या बाजारपेठांतून निघणारी खोकीही याच कामाची आहेत. मात्र ती कोरडी राहिली तरच.

थर कसे जुळतात?
जुना पुठ्ठा पाण्यात घुसळून लगदा करतात. पिना, चिकटपट्ट्या, प्लास्टिक चाळून काढले जाते. यंत्राच्या वेगवेगळ्या जाळ्यांवर लगद्याचे ओले थर तयार होतात. ते ओले असतानाच एकमेकांवर दाबून, वाफेने तापवलेल्या रुळांवर वाळवतात. वाळताना तंतू एकमेकांना धरतात. पकड वाढवण्यासाठी गरजेनुसार स्टार्च फवारतात.

एकच जाड थर का नाही?
पुठ्ठा वाकतो तेव्हा सर्वाधिक ताण बाहेरच्या थरांवर येतो. म्हणून चांगला लगदा बाहेर आणि दुय्यम लगदा मध्ये वापरला तरी चालतो. पुनर्वापराच्या प्रत्येक फेरीत तंतू आखूड, कमकुवत होतात. अशा तंतूंना मधला थर ही योग्य जागा.

अडचण कुठे?
रद्दी वजनावर विकली जाते, पण भिजलेल्या मालाचे वजन कापले जाते. तेल, चिखल, अन्न लागलेला माल नाकारलाही जातो. त्याचा फटका थेट कचरावेचक आणि भंगारवाल्यांना बसतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा दुकानांतल्या मालासोबत खोक्यांचाही चिखल झाला. पूर नसतानाही कोकणातला पाऊस चार महिने हेच काम थोडे थोडे करतो.

उपाय काय?
पुठ्ठ्याच्या गिरणीला भरपूर पाणी, वाफ आणि सांडपाणी प्रक्रिया लागते. सावित्रीच्या प्रदूषणाचा प्रश्न असताना इथे आणखी एक गिरणी मागण्यात शहाणपण नाही. गरज आहे ती पूररेषेबाहेर एका पक्क्या शेडची, गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राची आणि दुकानांतून खोकी वेगळी उचलण्याच्या ठरलेल्या वाराची. ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे २०१६ च्या नियमांनीच बंधनकारक केले. महाड नगरपरिषद आणि पोलादपूर नगरपंचायतीने ही सोय मिळून उभारली, तर दोन्ही गावांचा माल एकत्र होऊन ट्रक भरेल आणि वाहतूक परवडेल. घंटागाडीत ओल्या कचऱ्याखाली गेलेले खोके मात्र कोणत्याच थराच्या कामाचे उरत नाही.