जॅकी कूगनचे पैसे

गेल्या रविवारी लेकीला घेऊन चॅप्लिनचा 'द किड' (१९२१) पाहिला. पोरगं दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या काचा फोडतं आणि मागून चॅप्लिन काचा बसवायला हजर! ती हसून लोळत होती. आणि त्या पोराला अनाथाश्रमात न्यायला येतात तेव्हा रडली. शंभर वर्षं जुना मूकपट, आणि सात वर्षांची मुलगी रडतेय. मग साहजिकच प्रश्न आला, "बाबा, हा मुलगा पुढे काय झाला?"

त्याचं नाव जॅकी कूगन. जन्म १९१४. 'द किड'नंतर तो हॉलिवूडमधला सगळ्यात मोठा बालकलाकार झाला. त्याच्या नावाच्या बाहुल्या, शिट्ट्या, अगदी पीनट बटरसुद्धा बाजारात आलं. लहानपणीची कमाई अंदाजे ३० ते ४० लाख डॉलर, तीही त्या काळातली! १९३५ साली तो २१ वर्षांचा झाला. त्याच वर्षी वडील मोटार अपघातात गेले. आई आणि सावत्र वडिलांकडे पैसे मागितले, तर नकार. १९३८ मध्ये त्याने कोर्टात दावा लावला. शेवटी हातात पडले सुमारे सव्वा लाख डॉलर. बाकीचे खर्च झाले होते.

आता आपण लगेच म्हणतो, "काय आई आहे!" मीही म्हणालो. पण गंमत म्हणजे कायदा तिच्याच बाजूचा होता. अज्ञान मुलाची कमाई पालकांच्या मालकीची, असा तेव्हा तिथला नियम. आमच्या भाषेत सांगायचं तर युजर नालायक असेलही, पण मुळात डीफॉल्ट सेटिंगच चुकीचं होतं. आरडाओरडा झाला आणि १९३९ साली कॅलिफोर्नियात 'कूगन कायदा' आला. मुलाच्या कमाईतला काही हिस्सा बाजूला ठेवायचा. पळवाटा होत्याच. ती कमाई सर्वस्वी मुलाच्याच मालकीची, हे कायद्यात यायला २००० साल उजाडलं. म्हणजे बग फिक्स व्हायला ६१ वर्षं!

आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावे लागतात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. चांगलंच आहे. पण उरलेल्या ८० टक्क्यांचं काय? आणि घरातल्या घरात मोबाईलवर काढलेल्या रीलचे तास मोजायला कोण येणार?

इथे मला जरा अवघडल्यासारखं झालं. कारण माझी लेक गोष्टी छान सांगते, म्हणून मी तिचं एक यूट्यूब चॅनेल काढलंय. मागच्या वर्षी त्यावरून आठेक हजार रुपये आले. कुठे? माझ्या खात्यात. त्याचं काय केलं? हेडफोन घेतला. तोच कानाला लावून हे लिहितोय :-)

"अहो, आठ हजारच तर आहेत, आणि कॅमेरा, एडिटिंग कोण करतं?" असं तुम्ही म्हणाल. बायकोपुढे मी हेच म्हणालो. पण कूगनच्या घरचेही यापेक्षा वेगळं काय म्हणणार होते? रक्कम बदलते, युक्तिवाद तोच. खर्च वजा करायला माझी हरकत नाही, पण मग तो लिहून ठेवा ना. साधी एक्सेल शीट. बाकी सगळं मुलाच्या खात्यात, २० नाही, पूर्ण १०० टक्के. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने ऑनलाइन व्हिडिओ करणाऱ्या मुलांनाही कूगन कायद्याखाली आणलं. आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

आणि पैशांपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे वेळ. त्याची एफडी निघत नाही. "आज रेकॉर्डिंग नको, खाली खेळायला जाऊ?" असं ती म्हणाली होती, तेव्हा मी "फक्त एक टेक" म्हणालो होतो. ते कुठल्या शीटमध्ये लिहू?

असो. कूगन वाया वगैरे गेला नाही हं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात ग्लायडर उडवला, आणि १९६४ पासून 'द ॲडम्स फॅमिली' मालिकेत टकला अंकल फेस्टर होऊन पुन्हा लोकांना हसवलं. १९८४ साली गेला. लेकीला फेस्टरचा फोटो दाखवला, तर तिचा विश्वासच बसेना.

सोमवारी बँकेत जाऊन तिचं खातं उघडलं. आठ हजार भरले. हेडफोन माझ्या खर्चाने.