नवा कार्बोरेटर, जुनी जीप आणि आपल्याच उसाचं इथेनॉल



गेल्या आठवड्यात दोघांनी एकच प्रश्न विचारला. "जुन्या पेट्रोल गाडीला नवा कार्बोरेटर घातला, तरी गाडी ओढत नाही. काय करू?" म्हणून आज पिकाचं नाही, जीपचं लिहितो. पण शेवटी गोष्ट उसापर्यंत येतीयच.

माझ्याकडं वडिलांच्या वेळची महिंद्राची पेट्रोल जीप आहे. हरिकेन इंजिन, चार सिलिंडर. मागचा भाग कापून हौदा केलाय, म्हणजे आमची पिकअपच. खताची पोती, वैरण, गुऱ्हाळावरनं मार्केट यार्डात गूळ, सगळं तिच्यावर. आमच्याकडं बऱ्याच जणांनी अशा जीपना डिझेल इंजिनं घातली. मी घातलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मूळ कार्बोरेटरची थ्रॉटलची दांडी झिजली. दुकानातनं सोलेक्सच्या धर्तीचा नवा आणला. दुकानदार म्हणाला, "बसवा आणि पळवा, सेटिंग होऊनच आलंय." बसवला. गाडी स्लोला थरथरायची, ॲक्सिलेटर दाबला की आधी गप्प आणि मग एकदम उडी, चढाला तर दमच सोडायची. एक दिवस जोतिबाच्या चढाला पेट्रोलचा वास आला. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरमधनं पेट्रोल ओघळत होतं आणि खाली तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ थेंब पडत होते. शेजारच्या सीटवर नातू बसला होता. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. पोरगा म्हणाला, "आबा, भंगारात घालूया आता." माझंही मन तिथवर गेलं होतं.

उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीनं जीप वाचवली. बाकी मी त्याच्याजवळ उभं राहून शिकलो. माझं मत स्पष्ट आहे. दुकानातनं आलेला कार्बोरेटर तुमच्या इंजिनाला लावलेला नसतो, तो लावून घ्यावा लागतो. माती परीक्षण न करता शेजाऱ्याचा खताचा डोस आपल्या रानात टाकावा, तसलंच हे काम.

मिस्त्रीचा पहिला नियम: "अहो, आधी ठिणगी बघा, मग पेट्रोल." माझ्या इंजिनाला पॉइंटचं अंतर 20 थाऊ आणि प्लगचं 30 थाऊ लागतं. पॉइंट जळलेले होते आणि मी बोट कार्बोरेटरकडं दाखवत होतो! प्लग, पॉइंट, टायमिंग आणि टॅपेट बघितल्याशिवाय कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका.

दुसरं, हवा. कार्बोरेटरच्या बुडातलं गॅस्केट नीट बसलं नाही तर तिथनं चोरून हवा जाते. गाडी स्लोला ठेवून त्या जोडावर थोडं थोडं पाणी फवारा. इंजिनाचा आवाज बदलला तर हवा तिथनंच जातीय. पेट्रोल शिंपडून बघणारेही असतात. ते करू नका.

तिसरं, फ्लोट. टाकीतला गंज नीडलखाली अडकला होता, म्हणून पेट्रोल वाहत होतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, फ्लोटची पातळी बरोबर केली. हे काम इंजिन गार असताना, बॅटरीची वायर काढून करायचं. बिडी लांब. चोक पूर्ण उघडतो का आणि पेडल दाबल्यावर थ्रॉटल शेवटपर्यंत जातं का, तेही तेव्हाच बघून घ्या.

मग स्लो. इंजिन चांगलं तापू द्या. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हातानं टेकवा, जोर लावला तर टोक खराब होतं. तिथनं दीड आटा बाहेर घ्या. मग थोडा आत, थोडा बाहेर करत इंजिन जिथं सगळ्यात जलद आणि सलग चालतं ती जागा धरा. नंतर दुसऱ्या स्क्रूनं रेस कमी करा आणि परत एकदा मिक्श्चर बघा. माझ्या कार्बोरेटरात स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. काहींमध्ये तो स्क्रू हवेचा असतो, तिथं उलटं होतं. आपला कुठला ते आधी ओळखा.

शेवटी मेन जेट. भरलेली गाडी चढाला घातली, वर बाजूला घेऊन बंद केली आणि गार झाल्यावर प्लग काढला. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफट्ट असेल तर पेट्रोल कमी. दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग आला की बरोबर. माझा पांढरा निघाला.

आता ऊस इथं येतो. पूर्वी देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य 2030 चं होतं, ते अलीकडं आणून 2025 मध्ये गाठलं. हे इथेनॉल मळीपासून, रसापासून, म्हणजे आपल्याच उसापासूनही होतं. मका-तांदळापासूनही होतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच पुरते. म्हणजे जुन्या पेट्रोलवर लावलेला जेट 20 टक्के मिश्रणाला सात-आठ टक्के कमी पडतो. नवीन गाडीचा सेन्सर हे आपोआप सांभाळतो. आमच्या जीपला सेन्सर कुठला? तिथं माणसालाच बघावं लागतं.

सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 120 म्हणजे 1.20 मिलिमीटर. मी 120 काढून 125 घातला. आकडा पाचनंच वाढला, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढलं. जीप चढाला ओढायला लागली. ॲव्हरेज मात्र वाढलं नाही, खोटं कशाला सांगू? इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या दोनतृतीयांश एवढीच ताकद असते. जेटच्या भोकात तार घालून ते मोठं करू नका, आकड्याचा जेट विकत घ्या.

जुने रबरी पाइप आणि एसी पंपाचा पडदा इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात. ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

गावात बसून इथेनॉलला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. मी देणार नाही, माझा ऊस त्याच कारखान्याला जातो. पण जुन्या गाडीवाल्याला हे कुणी समजावून सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. पंपावर एक साधा फलक लावायला काय हरकत आहे? आणि कार्बोरेटर लावणारे मिस्त्री आता साठीच्या पुढं गेलेत. आयटीआयच्या पोरांनी त्यांच्याजवळ चार दिवस बसावं. खेड्यातल्या फवारणी पंपांना, मोटारसायकलींना, जुन्या व्हॅनना अजून कार्बोरेटरच आहेत.

गाडी भंगारात घालायच्या आधी एक रविवार तिला द्या. ठिणगी, हवा, फ्लोट, स्लो, जेट, याच क्रमानं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहून ठेवा. आपण रानात एका सरीला एक खत देऊन फरक बघतो, तसंच.

चुकलं असेल तर जाणत्यांनी सांगा, मी दहावी पास माणूस आहे. नातू आता परत शेजारच्या सीटवर बसतोय.