पठारे बदलली, पक्षी कोणी मोजले?

सातारा शहरातून सज्जनगड व ठोसेघर मागे टाकून वर चढणारा रस्ता चाळकेवाडीच्या पठारावर पोचतो. जांभ्या दगडाचा हा विस्तीर्ण सडा पावसाळ्यात रानफुलांनी झाकला जातो, हिवाळ्यात त्यावर वाळके गवत डोलते आणि उन्हाळ्यात तो भाजून निघतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून या सड्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत. कोळसा न जाळता, धूर न काढता वीज मिळते याचे तेव्हा अप्रूप होते, आणि ते गैर नव्हते. पठार तसेही ‘पडीक’. ना तेथे पीक, ना दाट झाडी. तेव्हा पवनचक्क्यांनी कोणाचे काय बिघडणार, असाच सर्वसाधारण समज होता.

हा समज तपासून पाहण्याचे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी केले. त्यांचा निबंध 2018 मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण, पवनचक्क्या नसलेल्या शेजारच्या भागाच्या तुलनेत जवळजवळ एक चतुर्थांश इतकेच आढळले. तिसा, कापशी घार यांसारखे पक्षी त्या भागाकडे पाठ फिरवतात. येथवरची गोष्ट कोणासही अपेक्षित वाटेल. परंतु संशोधकांची नजर आकाशावरून जमिनीवर वळली तेव्हा खरी मौज उघड झाली. या सड्यावर गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारा एक सरडा राहतो. त्याच्या वंशाला शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये जे शास्त्रीय नाव दिले तेच मुळी ‘सरडा’ या आपल्या शब्दावरून घेतले आहे. झडप घालणारे पक्षी कमी झाल्याने पवनचक्क्यांखाली या सरड्यांची संख्या वाढली. रक्तातील भीतीचा अंश घटला. माणूस फार जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. मात्र गर्दी वाढल्याने अन्नाची ओढाताण होऊन त्यांची अंगे उतरली, आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. वर फिरणारी पाती आणि खाली फिकटलेला सरडा यांचा असा संबंध असेल, हे कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात लिहिलेले नव्हते.

या अभ्यासाचे मोल मोठे आहे; परंतु त्याच्या पद्धतीकडेही लक्ष दिले पाहिजे. तुलना केली गेली ती आजच्या दोन जागांची: एकीवर पवनचक्क्या आहेत, दुसरीवर नाहीत. पहिली पाती फिरण्याआधी त्याच सड्यावर किती तिसे घिरट्या घालीत होते याची मोजणी हाती असती, तर ‘काल’ आणि ‘आज’ यांचाच हिशेब मांडता आला असता. कालचा आकडा नसला की शेजारच्या पठाराला साक्षीस बोलावणे एवढेच संशोधकाच्या हाती उरते. शेजारचे पठारही उद्या बदलले, तर ती साक्षही गेली.

कालचा आकडा हाती असला म्हणजे काय साधते, याचे उत्तम उदाहरण फार दूरचे, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरील फिनलंडचे आहे. युरोपच्या उत्तरेपासून सायबेरियाच्या पूर्व टोकापर्यंत देवदाराच्या जातीच्या सूचिपर्णी वृक्षांचा आणि दलदलींचा एक अफाट पट्टा पसरला आहे. त्याला तैगा म्हणतात. फिनलंड या पट्ट्याच्या पश्चिम भागात मोडतो. तेथे मेरिकालिओ नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, ठराविक रेषेवरून चालत दिसेल व ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी टिपून, देशभरातील पक्ष्यांची गणती केली. युद्धानंतर कागदाच्या कारखान्यांसाठी जुनी अरण्ये सरसकट तोडून एका वयाच्या झाडांची लागवड सुरू झाली, दलदलींत चर खणून त्या कोरड्या करण्यात आल्या. सुमारे तीस वर्षांनी, 1977 मध्ये, यार्विनेन व वैसानेन प्रभृती शास्त्रज्ञांनी जुन्या व नव्या गणत्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि चित्र लख्ख दिसले. अरण्यातील पक्षी सरसकट कमी झाले नव्हते. कोवळ्या झाडीत व अरण्याच्या कडेला राहणारे उलट वाढले होते. घटले होते ते जुन्या अरण्याशिवाय ज्यांचे चालत नाही ते. सायबेरियन जे नावाचा कावळ्याच्या कुळातील पक्षी हिवाळ्याची बेगमी सालींच्या फटींत आणि झाडांवर लोंबणाऱ्या दगडफुलांत लपवून ठेवतो. (आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल त्याच वर्गातले.) कोवळ्या झाडांवर दगडफूल धरत नाही, त्याला वृक्ष म्हातारा व्हावा लागतो. रामगंगेच्या कुळातील एका चिमुकल्या पक्ष्याला घरट्यासाठी वठलेल्या खोडातील ढोली हवी असते, आणि शिस्तीच्या लागवडीत वठलेले झाड ठेवीत नाहीत. एकूण झाडांची संख्या पाहून ‘अरण्य आहे तेवढेच आहे’ असे म्हणणाऱ्या वनखात्याला यापेक्षा सरळ उत्तर दुसरे कोणते देता आले असते?

हा पट्टा आपल्याला वाटतो तितका परका नाही. तुतवार नावाचा ठिपक्यांच्या पाठीचा, लांब पायांचा एक पक्षी हिवाळ्यात येरळेच्या, माणगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या चिखलात शेपटी हलवीत हिंडताना दिसतो. त्याचा जन्म तैगातील दलदलीत झालेला असतो. आंब्याच्या शेंड्यातून दिवसभर चिवचिव करणारा हिरवट वटवट्याही तिकडूनच आलेला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने 1959 पासून स्थलांतरी पक्ष्यांच्या पायात मोठ्या प्रमाणावर कडी घालण्यास प्रारंभ केला. भारतात कडी घातलेले पक्षी पुढे तत्कालीन सोव्हिएत संघात, पार सायबेरियापर्यंत सापडले, तेव्हा या नात्याचा लेखी पुरावाच मिळाला. तिकडे दलदल आटली तर येथला काठ ओस पडेल. येथला काठ बुडाला तर तिकडची दलदल मुकी होईल. तुतवार कमी झाला तर दोष कोणत्या टोकाचा, हे ठरविण्यास दोन्ही टोकांचे आकडे लागतात. फिनलंडमध्ये 1956-57 च्या हिवाळ्यापासून हौशी लोक ठरलेल्या वाटांवरून वर्षोनुवर्षे पक्षी मोजीत आले आहेत. आपल्या टोकाच्या वहीत काय आहे?

खटाव तालुक्याचे उदाहरण घ्यावे. मायणीचा तलाव ब्रिटिश अमदानीतील. रोहित पक्षी उतरत असल्याने त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुढे पाऊस, गाळ आणि पाण्याची पातळी यांच्या लहरीनुसार हे पाहुणे कधी मायणीस, कधी येरळवाडीस, कधी सूर्याचीवाडीस उतरू लागले. या परिसराला 2021 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्याच सुमारास या दुष्काळी टापूचे पाण्याचे गणित मुळापासून बदलते आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी माण, खटाव, आटपाडी, जत या भागांकडे वळविले. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली आणि चारा छावणीत गुरे बांधली, त्यांना पाणी मिळाले याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पक्ष्यांसाठी शेताला पाणी देऊ नका, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु तुतवाराला आणि रोहिताला तुडुंब तलाव नको असतो. त्याला हळूहळू ओसरणारे पाणी, उथळ काठ आणि उघडा चिखल हवा असतो. तलाव बारमाही भरलेला राहिला तर पाणकावळे व वारकरी वाढतील आणि चिखलात चरणारे निघून जातील. एकूण पक्षी ‘वाढले’ असेही कदाचित दिसेल. फिनलंडच्या अरण्यात जे घडले तेच येथे पाण्याच्या काठी घडेल, आणि कळणार मात्र नाही.

माळाची कथा याहून करुण आहे. कर्नल साइक्स याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी माळढोक इतका होता की, एका गृहस्थाने हजारभर पक्षी मारल्याचा उल्लेख साइक्स सहज करून जातो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर हा पक्षी शिल्लक असल्याचे 1970 नंतर एका स्थानिक पक्षिनिरीक्षकाच्या चिकाटीमुळे पुढे आले, आणि 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. आज महाराष्ट्रातून तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. हजारापासून शून्यापर्यंतच्या या उतरंडीवर मधल्या पायऱ्या किती होत्या आणि कोणत्या वर्षी किती पक्षी गेले, याचा हिशेब दख्खनच्या बहुतेक जिल्ह्यांजवळ नाही. सरकारी दप्तरात गवताळ माळ आजही ‘पडीक जमीन’ या सदरात मोडतो. पडीक म्हटले की तेथे काही तरी ‘करणे’ ओघानेच येते. मग ती पवनचक्की असो, सौर पट्ट्या असोत, की गिरिपुष्पाची लागवड असो. माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. धाविक आणि चंडोल यांना विचारले तर ते काय सांगतील हा प्रश्न वेगळा.

जुन्या याद्या आपल्याकडे नाहीत असे नव्हे. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे रेव्हरंड फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव या भागांतील पक्ष्यांची यादी 1876 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली. या नियतकालिकाचे संपादक अ‍ॅलन ह्यूम. 1885 मध्ये राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. राजकारणाच्या इतिहासात ह्यूम सर्वांना ठाऊक, पक्ष्यांच्या इतिहासात थोड्यांना. परंतु या याद्या आहेत, मोजण्या नव्हेत. अमुक पक्षी महाबळेश्वरास होता, एवढे यादी सांगते. किती होता, कोणत्या रानात होता, हे ती सांगत नाही. आणि ऱ्हास होतो तो संख्येचा. यादीतून नाव पुसले जाते ते अगदी अखेरीस.

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे तर या दृष्टीने प्रयोगशाळाच ठरले असते. धो. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरांवर झाडी उभी राहिली आणि 1985 मध्ये सुमारे 11 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. माणसाने वसविलेल्या या रानात कोणते पक्षी कोणत्या वर्षी आले आणि उघड्या डोंगरावरचे कोणते निघून गेले, याची पहिल्या वर्षापासूनची वही असती तर जगातील शास्त्रज्ञांनी ती मागून नेली असती.

मोजणी हे केवळ पदवीधर शास्त्रज्ञांचे काम आहे ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील 2023 चा अहवाल तीस हजारांवर निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांतील बहुसंख्य लोक शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त नोकरदार आहेत. या अहवालाने 942 जातींचा विचार केला. परंतु दीर्घ काळातील चढउतार सांगता आला तो अवघ्या 338 जातींचा, आणि त्यांपैकी 204 घटल्या आहेत. उरलेल्या सहाशे जातींविषयी जुने आकडेच पुरेसे नाहीत. केरळने त्यापुढचे पाऊल टाकले. तेथे 2015 ते 2020 या काळात हजारावर स्वयंसेवकांनी संपूर्ण राज्याचे लहान लहान चौकोन पाडले, पावसाळ्यात एकदा व कोरड्या हंगामात एकदा प्रत्येक निवडलेल्या चौकोनात जाऊन ठरल्या पद्धतीने पक्षी मोजले, आणि राज्याचा पक्षी-नकाशा तयार केला. तेथील शासकीय यंत्रणा याहून श्रीमंत होती असे नाही. साताऱ्यात, कराडात, सांगलीत जाणकार निरीक्षक आहेत. त्यांच्या नोंदी आहेत. परंतु त्या ज्याच्या त्याच्या सवडीने, ज्याच्या त्याच्या आवडत्या तळ्यावर केलेल्या. रयत शिक्षण संस्थेच्या शाखा ज्या जिल्ह्यांत गावोगावी आहेत, जेथल्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्राचे विभाग चालतात, तेथे एकच वाट, एकच महिना, एकच वेळ धरून दरवर्षी मोजणी करणे अवघड का असावे? कठीण आहे ते एवढेच, की काहीही न दिसल्यास तेही लिहावे लागते. हौशी माणूस दुर्मीळ पक्ष्याची नोंद उत्साहाने करतो. ‘आज एकही नाही’ ही नोंद करण्यास शिस्त लागते, आणि पुढच्या पिढीला बहुधा तीच अधिक उपयोगी पडते.

अर्थात सारा भार विद्यार्थ्यांच्या वह्यांवर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाची 2006 ची जी अधिसूचना आहे, तिच्या परिशिष्टात पवनऊर्जेचे प्रकल्प नाहीत. म्हणजे सड्यावर शेकडो टनांचे मनोरे रोवण्यापूर्वी तेथे कोणते पक्षी आहेत हे पाहण्याचे बंधन त्या अधिसूचनेने कोणावर नाही. धूर निघत नाही, एवढ्या एका गुणावर ही सूट मिळाली. चाळकेवाडीच्या अभ्यासानंतर तिचा फेरविचार व्हावयास हवा होता. मनोरा उभारण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष, चारही ऋतूंत, त्या पठारावरील आणि शेजारच्या मोकळ्या पठारावरील पक्षी मोजले जावेत. मोजणारा कंपनीचा पगारी नसावा. आकडे सर्वांना पाहता यावेत. यासाठी प्रकल्प थोडा लांबेल हे खरे. पण पवनचक्की बसविण्यापूर्वी वाऱ्याचा वेग मोजण्यात असाच दीर्घ काळ घालविला जातो, आणि त्याला कोणी दिरंगाई म्हणत नाही. उपसा योजनांनाही हाच न्याय लावता येईल. मायणी-येरळवाडीच्या तलावांत पाणी कधी सोडावे आणि कोणत्या महिन्यात काठ उघडा ठेवावा, हे पाटबंधारे खाते व वनखाते एकत्र बसून ठरवू शकतात. मात्र त्यांच्यापुढे आकडे हवेत, आठवणी नव्हेत.

येत्या हिवाळ्यात तुतवार नेहमीप्रमाणे उतरतील. ते कोणत्या तारखेस आले, किती आले आणि कोठे चरले हे लिहून ठेवणारी वही खटाव-माणच्या किती शाळांत आहे, याची चौकशी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला एका परिपत्रकाने करता येईल.