पायमोजेवाली कोंबडी

पोरानं ब्रह्मा जातीची जोडी आणली तेव्हा शेजारची आजी म्हणाली, "माय, हिला पायमोजे कुणी घातले?"

कोंबडा चार किलोच्या वर, पण गरीब. नातू काखेत घेऊन आमच्या बोरी गावभर हिंडतो, तरी चोच मारत नाही. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं, मात्र जात घडली अमेरिकेत, शांघायहून गेलेल्या कोंबड्यांपासून. १८५२ साली अमेरिकेतून व्हिक्टोरिया राणीला नजराणाही गेला होता.

राणीच्या अंगणात आपली काळी माती नव्हती. मिरगाचा पाऊस पडला की चिखल पायाच्या पिसांना चिकटतो, वाळून ढेकूळ होतं. रोज संध्याकाळी मी कोमट पाण्यात एकेक बोट सोडवत बसतो. बायको म्हणते, "माझे पाय कधी असे धुतले होते का?"

मे महिन्यात तर परभणीच्या उन्हात चोच वासून धापा टाकतात. ओलं पोतं बांधावं लागतं. त्यामुळे जोडधंदा म्हणून या जातीची पिल्लं महागात गळ्यात मारणाऱ्यांचा मला राग येतो. धंद्याला आपली गावरानच बरी. तिचे पाय धुवायला कुणी लागत नाही. ब्रह्मा पाळायची ती हौसेनं.

आमचा कोंबडा आत्ताही माझ्या चपलेवर बसलाय.