गाडी मिळते, वाटाड्या मिळत नाही!
नांदेड-लातूरच्या एकदिवसीय सहलींचा अर्धवट व्यवसाय

नांदेड : सकाळी सहाला गाडी ठरवायची, दिवसभरात तीन-चार ठिकाणे पाहायची आणि रात्री मुक्कामाला परतायचे, ही एकदिवसीय खासगी सहल आता मराठवाड्यातही रूढ झाली आहे. नांदेडहून निघणारी गाडी माहूरचे डोंगर, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि सहस्रकुंडचा धबधबा गाठते. लातूरहून निघणारी गाडी खरोसा लेणी, औशाचा किल्ला, हत्तीबेट आणि उदगीर अशी फेरी करते. गाडीचे भाडे आदल्या रात्री फोनवर ठरते, वाटेतील जेवणाची सोयही चालकच सांगतो. मात्र जगभर ज्या सहलीला ‘मार्गदर्शकासह खासगी सहल’ म्हटले जाते, तिचा अर्धाच भाग येथे उपलब्ध आहे. गाडी आहे; तलाव कोणी बांधला, डोंगरावरची वाट कुठे निसरडी आहे, नदीला पाणी कधी सोडतात, हे सांगणारा माणूस नाही. मराठवाड्याच्या पर्यटनाचे घोडे अडले आहे ते नेमके येथे.

येणाऱ्यांची संख्या हा नांदेडपुढील प्रश्न कधीच नव्हता. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये येथे निर्वाण पावले. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे देश-विदेशांतून वर्षभर भाविक येत असतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहराचे रस्ते, घाट आणि विमानतळ यांचा कायापालट झाला. तेव्हापासून विमानसेवा अनेकदा खंडित झाली आणि पुन्हा सुरू झाली. रेल्वेने मात्र साथ सोडली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत गाडीचा विस्तार नांदेडपर्यंत झाला. अमृतसरहून येणारी सचखंड एक्स्प्रेस तर पिढ्यांच्या परिचयाची आहे.

या भाविकांना शहरात फिरविण्याची एक पद्धत आपोआप घडली आहे. नगीना घाट, बंदा घाट, हिरा घाट, माता साहिब, शिकार घाट या गुरुद्वारांची फेरी येथील चालकांना तोंडपाठ असते. कोणत्या ठिकाणी कोणता प्रसंग घडला, हेही ते सांगतात. म्हणजे येथील माणसाला माहिती सांगता येत नाही, असे मुळीच नाही. ज्या फेरीला मागणी आली, ती त्याने आत्मसात केली. त्याच गाडीतून अवघ्या पन्नास-एक किलोमीटरवरील कंधारला जावे, असे कोणी सुचवीत नाही. तेथे गेल्यावर काय पाहायचे, हे ना प्रवाशाला ठाऊक असते, ना चालकाला.

मराठवाड्यातील तलाव पाहताना तर ही उणीव अधिकच जाणवते. हिमालयातील सरोवर पाहणाऱ्याला बर्फाच्छादित शिखरे आणि निळे पाणी पुरेसे असते; तेथे कोणी काही सांगितले नाही तरी डोळ्यांचे पारणे फिटते. दख्खनच्या काळ्या पाषाणावर अशी सरोवरे नाहीत. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणार हा ठळक अपवाद. उल्कापाताने घडलेल्या त्या विवराला २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नांदेड आणि लातूरमधील बहुतेक जलाशय मात्र माणसाने बांधलेले आहेत. त्यांचे सौंदर्य त्यांच्या कथेत आहे. ती कथा सांगणारा नसेल, तर समोर उरते ते केवळ साठलेले पाणी.

कंधारचेच उदाहरण घ्यावे. राष्ट्रकूट राजांच्या ‘जगत्तुंग’ या बिरुदावरून ओळखला जाणारा जगत्तुंग सागर हा तलाव हजार वर्षांहून जुन्या जलव्यवस्थेचा वारसा आहे. कंधारच्या भुईकोट किल्ल्याभोवतीचा रुंद खंदक आजही प्रेक्षणीय आहे. या कोरडवाहू मुलखात एका राजवटीने पाणी कसे अडविले, त्याच पाण्याच्या आधाराने नगर कसे वसले आणि किल्ला कसा सुरक्षित झाला, हे उलगडून सांगितल्यास दोन तास अपुरे पडतात. न सांगितल्यास दहा मिनिटांत छायाचित्रे काढून मंडळी गाडीत बसतात.

नांदेड शहरालगतच्या विष्णुपुरी येथील शंकर सागर जलाशयाचे तेच. गोदावरीवरील हा बंधारा आणि उपसा सिंचन प्रकल्प मराठवाड्याच्या पाणी-राजकारणाचा चालता-बोलता धडा आहे. शहराला पिण्याचे पाणी येथूनच मिळते. वरच्या धरणांतून गोदावरीत किती पाणी सोडायचे, हा वाद जवळजवळ दर तुटीच्या वर्षी उफाळून येतो. काठावरच्या काळेश्वर मंदिरात दर्शन घेणाऱ्या प्रवाशाला समोरच्या पाण्याचा हा इतिहास कळत नाही.

लातूरची कथा तर देशाने पाहिली आहे. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले होते. ज्या शहराने घागरीसाठी रात्री जागविल्या, त्या शहराच्या परिसरातील तलाव दाखविताना ही आठवण सांगितली गेली पाहिजे. तलावाकाठी प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नका, असा फलक लावण्यापेक्षा ही एक आठवण अधिक परिणामकारक ठरेल.

डोंगरांवरील ठिकाणांची अवस्था वेगळी नाही. माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर आणि अनसूया शिखर अशी तीन उंच स्थाने येथे आहेत. रामगड किल्ल्यावरून दिसणारे जंगल, परिसराला वळसा घालून वाहणारी पैनगंगा, पायथ्याचे मातृतीर्थ आणि पांडवलेणी हा ऐवज एका दिवसात मावणारा नाही. प्रत्यक्षात बहुतांश गाड्या दर्शन आटोपून मागे फिरतात. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर कोरीव गुहा आहेत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र लढ्याच्या आठवणीही. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट दुर्मिळ औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. तेथे तर जाणकाराशिवाय जाणे म्हणजे गवतातून चालून येणे होय; कोणती वनस्पती कशाची, हे ओळखून दाखविणाराच हवा.

सरकारचे लक्ष मात्र रस्ते आणि गुंतवणुकीकडे अधिक आहे. राज्याच्या पर्यटन धोरण २०२४ मध्ये दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची खासगी गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पवनार ते पत्रादेवी या सुमारे ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये २० हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही शक्तिपीठे जोडणे हा या महामार्गाचा घोषित हेतू. जमिनी जाणार असलेल्या शेतकऱ्यांनी त्यास अनेक जिल्ह्यांत विरोध केला. महामार्गाच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. पण त्यातून एक प्रश्न येथेही उपस्थित होतो. वेगवान रस्त्याने प्रवासी माहूरला लवकर पोचेल, तसाच लवकर निघूनही जाईल. त्याला तेथे अर्धा दिवस थांबविण्याचे काम डांबर किंवा काँक्रीट करू शकत नाही.

प्रवासी थांबला नाही, तर पैसाही थांबत नाही. एकदिवसीय सहलीचा खर्च पाहिल्यास भाडे शहरातील वाहनमालकाला मिळते, इंधनाचे पैसे पंपावर जातात आणि जेवणाचे महामार्गावरच्या ढाब्यावर. ज्या गावाच्या हद्दीत तलाव किंवा बेट आहे, त्या गावाच्या वाट्याला चहाचे चार कप आणि कचरा येतो. किनवट-माहूर भागातील गोंड, आंध, कोलाम आणि बंजारा समाजाच्या तरुणांना जंगलाची खडान्खडा माहिती आहे. त्या माहितीला मात्र बाजारात किंमत नाही. हेच तरुण ऊसतोडीला किंवा हैदराबाद, पुण्याच्या बांधकामांवर जातात.

महाराष्ट्रातच याच्या उलट उदाहरणे आहेत. ताडोब्याच्या जंगलात सफारीच्या जिप्सीबरोबर स्थानिक गाइड घेणे बंधनकारक आहे आणि त्यातून परिसरातील गावांना उत्पन्न मिळते. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यावर गर्दी लोटली. तेव्हा वन विभाग आणि स्थानिक गावांच्या समित्यांनी प्रवेशाचे नियोजन हाती घेतले, दिवसाच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा घातली. दोन्ही ठिकाणी निसर्ग आधीपासूनच होता. व्यवस्था माणसांनी उभी केली.

मार्गदर्शकाचा प्रश्न केवळ माहितीचा नाही, तो जिवाचाही आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चार पर्यटकांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने मुखेड तालुक्यातील गावे पाण्याखाली जाऊन जीवितहानी झाली. पाणी किती झपाट्याने चढते, हे नांदेड जिल्ह्याने स्वतः अनुभवले आहे. सहस्रकुंड नेमके पावसाळ्यातच पाहण्याजोगे असते आणि नेमके तेव्हाच धोक्याचे. वरच्या बाजूला पैनगंगेवर ईसापूर धरण आहे. तेथून विसर्ग वाढला की, आकाश कोरडे असतानाही प्रवाह वाढू शकतो. बाहेरून आलेल्या कुटुंबाला हे कळण्याचा मार्ग नाही. काळ्या खडकावर कुठपर्यंत जायचे, हे इस्लापूर परिसरातील एखादा माणूस सांगू शकतो. पण तो त्या गाडीत नसतो.

गाडीच्या बाबतीतही सावधगिरी हवी. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने फिरविणे कायद्याला धरून नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी अशा प्रवासाची भरपाई नाकारण्याची शक्यता असते. चारशे-पाचशे रुपये वाचविण्यासाठी घेतलेली ही जोखीम कुटुंबाला महागात पडू शकते. पिवळी पाटी, परवाना आणि विमा पाहूनच गाडी ठरविणे, एवढे तरी प्रवाशाच्या हाती आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. नांदेड-लातूरचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा. भाविकाला दर्शनाची घाई. मग गाइडचे पोट कसे भरणार? आक्षेप रास्त आहे. या व्यवसायावर वर्षभर कोणाचे घर चालेल, असे आश्वासन देणे ही फसवणूक ठरेल. परंतु शेतीला जोड म्हणून पाहिले, तर चित्र बदलते. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत शनिवार-रविवार मिळालेली दिवसाची मजुरीही कोरडवाहू घरात लहान नसते. शिवाय हुजूर साहिबला येणारा भाविक हंगाम पाहून येत नाही. त्यांच्यापैकी थोड्यांनी जरी मुक्काम एका दिवसाने वाढविला, तरी कंधारसारख्या गावाला ते पुरेसे आहे. दुसरी भीती सक्तीची. गाइड घेणे सरसकट बंधनकारक केले, तर त्याचा टोलनाका व्हायला वेळ लागणार नाही. पाणी आणि कडे असलेल्या धोक्याच्या जागी सक्ती, अन्यत्र ऐच्छिक, असा विवेक ठेवावा लागेल.

करावयाच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. विष्णुपुरी येथेच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि त्यात भूशास्त्राचे संकुल आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत इतिहासाचे आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम, प्रथमोपचार आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण, मराठीबरोबर हिंदी आणि जमल्यास पंजाबी बोलण्याचा सराव, ओळखपत्र आणि ठरलेला दर एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. नावे आणि दूरध्वनी क्रमांकांची यादी रेल्वे स्थानक, यात्री निवास आणि बसस्थानकावर लावण्यासाठी तर निविदाही काढावी लागत नाही. जिल्हा नियोजन समित्या पर्यटनस्थळांसाठी दरवर्षी सभामंडप, पथदिवे आणि पेव्हर ब्लॉक मंजूर करतात. त्यातील अल्पसा वाटा माणसांवर खर्च करण्यास हरकत नसावी.

मराठवाड्याने आपली ओळख दुष्काळाच्या आणि अनुशेषाच्या आकड्यांतून करून देण्याची सवय लावून घेतली आहे. त्या आकड्यांइतकाच खरा असलेला दुसरा इतिहास येथील तलावांच्या बांधांत आणि डोंगरांच्या माथ्यांवर आहे. तो सांगू शकणारी माणसे गावोगावी आहेत, ऐकायला तयार असलेली गाडी दारावरून जाते आहे. त्या गाडीत एक जागा स्थानिक माणसासाठी राखून ठेवण्याचा निर्णय दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी घ्यायचा आहे. त्यासाठी नव्या महामार्गाची वाट पाहण्याचे कारण नाही.